काडेपेटीएवढा कॅमेरा

देवमन गुरुजींना चहाने पित्त होतं, हे फाट्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. घरी ते दिवसातून पाच वेळा चहा पीत आणि पित्त बिचारं त्यांच्या अंगाला कधी शिवलं नव्हतं. पण फाट्यावर पाऊल ठेवलं की व्हायचंच. सहा वर्षं नेमानं होत होतं.

फाटा म्हणजे अकोला-वाशीम रस्त्यावर मेडशीच्या अलीकडे, जिथून गुरुजींच्या शाळेच्या गावाला गाडरस्ता फुटतो ती जागा. एक कडुनिंब, एष्टीचा वाकलेला खांब आणि भाऊसिंगचं हॉटेल. हॉटेलही नावाचंच. चार बल्ल्या, वर तुराट्यांचं छप्पर, एक भट्टी, दोन बाकडी. गिऱ्हाइकांच्या कपबश्या आत पाणी भरलेल्या जर्मनच्या टोपल्यात पडलेल्या असत. आणि बाहेर वळचणीला एका फळीवर दोन कप वेगळे, पालथे घातलेले असत. दोघांचेही कान तुटलेले. ते बौद्धपुऱ्यातल्या माणसांसाठी. आपणच उचलायचा, भाऊसिंग वरून चहा ओतणार, उभ्यानं प्यायचा, आपणच विसळून परत पालथा घालायचा. या फळीबद्दल कोणी बोलत नसे. निंब होता, खांब होता, तशी फळी होती.

गुरुजी मूळचे कामरगावचे. छप्पन साली सतराव्या वर्षी बापाबरोबर नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेले, पुढे मॅट्रिक होऊन मास्तर झालेले. चौदा एप्रिलला बौद्धपुऱ्यात त्यांचं भाषण व्हायचं. समतेवर बोलायला लागले की पेट्रोमॅक्सची काच थरथरायची. आणि पंधरा तारखेला सकाळी आठ वाजता फाट्यावर पित्त.

फाट्यावर रोज जावंच लागे, कारण आठच्या गाडीचा कंडक्टर वर्तमानपत्र टाकून जायचा. गुरुजी ते निंबाखाली उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवत. आत बाकड्यांवर गिऱ्हाइकं बशीतून चहा ओढत ऐकत. भाऊसिंगला गुरुजींच्या वाचनाचा अभिमान होता. असं पल्लेदार वाचन अकोल्यापर्यंत कोणाचं नाही, असं तो परगावच्या माणसाला सांगे. गुरुजींनाही ते ऐकून बरं वाटे. सहा वर्षं आपण लोकांच्या चहाबरोबर खारीसारखे वाढले जात आहोत, हे त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला. तसं ते पुढे स्वतःच सांगत.

त्र्याहत्तर सालच्या मार्चमध्ये वच्छलाचा भाऊ माणिकराव फौजेतून रजेवर आला. वच्छला म्हणजे गुरुजींची बायको. माणिकराव सकाळच्या गाडीनं वर्दीतच फाट्यावर उतरला. भाऊसिंगनं फौजी पाहून त्याला आत बसवलं, टोपल्यातली कपबशी पुसून चहा दिला आणि लढाईच्या गोष्टी विचारल्या. दुसऱ्या दिवशी माणिकराव पायजमा घालून भाऊजींबरोबर गेला. तेवढ्यात भाऊसिंगला नातं कळलं होतं. तो काही वाईट बोलला नाही, हसूनच बोलला, फक्त मान फळीकडे वळवली.

माणिकराव कप फोडायलाच निघाला होता. गुरुजींनी त्याचा दंड धरून त्याला निंबाखाली आणलं आणि समजावलं की हे काम हातघाईचं नाही, कायद्याचं आहे. अस्पृश्यतेचा कायदा होऊन अठरा वर्षं झाली. पण कायद्याला पुरावा लागतो. हे सगळं ते फार अधिकारवाणीनं बोलले. माणिकरावनं मान डोलावली. गुरुजींना वाटलं, निभलं.

पण माणिकराव फौजी होता. त्यानं ‘पुरावा’ हा शब्द पक्का धरला. रजा संपली त्या दिवशी ट्रंकेतून त्यानं कातड्याची एक डबी काढली आणि भाऊजींच्या तळहातावर ठेवली. आत कॅमेरा होता. जपानी, काडेपेटीएवढा. पुढे कोटाच्या बटणाएवढी काच, वर बघायला भोक, बाजूला फिल्म फिरवायची करंगळीच्या नखाएवढी चकती. सिलिगुडीच्या बाजारात विदेशी माल विकणाऱ्याकडून त्यानं तो हौसेनं घेतला होता, आणि सोबत फिल्मच्या दोन रिळी होत्या. एकेक रीळ बोराच्या बीएवढी. एका रिळीत दहा फोटो.

“घ्या पुरावा,” माणिकराव म्हणाला. “दिवाळीले येतो तवा मले दाखवा.”

आता पळायला जागा उरली नाही.

गुरुजींनी काम पद्धतशीर सुरू केलं, म्हणजे आधी अर्ज लिहिला. वाशीमच्या तहसीलदारसाहेबांच्या नावे, पांढऱ्या फुलस्केपवर, टाक बदलून बदलून. खाली ‘सोबत : छायाचित्रे दहा’ असंही लिहून टाकलं. एकही फोटो काढलेला नव्हता. अक्षर इतकं सुंदर उतरलं की दोन दिवस ते नुसता अर्जच वाचत बसले.

मग त्यांनी पहिली रीळ सरावात घालवली. वच्छलाला चुलीपुढे बसवून फोटो काढला, कोंबडीचा काढला, शाळेच्या घंटेचा काढला. दहा झाल्यावर कळलं की फोटो काढून झाल्यावर चकती फिरवायची राहून जात होती. तेव्हा त्या एका नखाएवढ्या चौकोनात वच्छला, कोंबडी आणि घंटा एकावर एक बसली असणार. ती रीळ त्यांनी ट्रंकेत टाकली आणि वच्छलाला सांगितलं की सराव समाधानकारक झाला.

वच्छला शाळा शिकलेली नव्हती, पण तिला गुरुजी वाचता येत. तिनं भाकरी थापता थापता विचारलं, “कपाचा फोटो काढाले एवढी तयारी करून राह्यले. मंग त्याच्या टोपल्यातल्या कपाले एकदाचा हात काहून नाई लावत?”

गुरुजींनी तिला पुराव्याचं महत्त्व सांगितलं. साक्षीदार फुटतात, फोटो फुटत नाही, वगैरे. तिनं भाकरी उलटली.

दुसरी रीळ घेऊन ते फाट्यावर गेले तेव्हा आपण गुप्त पोलिसात आहोत असं त्यांना वाटत होतं. एप्रिलचं ऊन, आणि हे कोट घालून. खिशात कॅमेरा. युक्ती अशी ठरवली होती की एका हातानं वर्तमानपत्र तोंडापुढं धरायचं, वाचता वाचता दुसऱ्या हातानं कॅमेरा डोळ्याला लावायचा आणि घडीच्या फटीतून फळी टिपायची. पण वाचन आणि टिपणं एका वेळी जमेना. भोकातून पाहायला लागले की बातमी मध्येच तुटे. कापसाच्या भावावर आवाज बंद पडला आणि आतून चारजणांनी एकदम विचारलं की पुढं काय. घाईत खटका दाबला गेला. तो फोटो निंबाच्या पानांचा.

दुसऱ्या दिवशी मुठीत कॅमेरा धरून ते खांबाला टेकून उभे राहिले. गावचे उदयसिंग पाटील शेजारी येऊन थांबले, त्यांनी मुठीकडं पाहिलं आणि तळहात पुढं केला. गुरुजींची चुन्याची डबी आहे असं त्यांना वाटलं होतं. गुरुजींनी सांगितलं की डबी रिकामी आहे. पाटील म्हणाले, रिकामी डबी कोणी एवढी घट्ट धरतं का. त्या गडबडीत अंगठा काचेवर गेला आणि खटका दाबला गेला. पुढच्या सकाळी पुन्हा तेच. असे अंगठ्याचे दोन झाले.

चार सकाळींत नऊ फोटो गेले. दहाव्यासाठी गुरुजी एष्टीच्या खांबाआड गेले, हनुवटी कॉलरमध्ये रुतवली, एक डोळा मिटला, भोकातून फळी आणि तिच्यावरचे दोन कप नीट मधोमध आणले, श्वास रोखला आणि दाबलं. हा मात्र साधला, अशी त्यांची खात्री झाली. वळून पाहतात तर बाकड्यांवरची सगळी माणसं बशी हातात धरून त्यांच्याकडं पाहत होती. भाऊसिंगनं भट्टीत लाकूड सारलं.

रविवारी ते वाशीमला गेले. बाजाराच्या मागच्या गल्लीत चांदमलचा स्टुडिओ होता. चांदमल कापडवाल्या घराण्यातला, साठीचा, पण गज-कात्रीपेक्षा अंधाऱ्या खोलीत रमलेला. घरचे त्याला वाया गेलेला समजत आणि तोही ते नाकारत नसे. त्यानं रीळ चिमटीत धरून उजेडाला नेली आणि विचारलं, हे फोटोचं आहे की होमिओपॅथीचं. एवढी बारीक फिल्म धुवायला त्याच्याकडं भांडंच नव्हतं. शेवटी घरातून चटणीची वाटी मागवली. गुरुजींना संध्याकाळी यायला सांगितलं.

गुरुजी दिवसभर वाशीममध्ये फिरले. स्टेशनवर जाऊन गाड्या पाहिल्या. तहसील कचेरीच्या फाटकापर्यंत जाऊन आले. रविवार असल्यानं ते बंद होतं, आणि ते पाहून आपल्याला हायसं वाटलं याची त्यांना लाज वाटली. पाच वाजता स्टुडिओत गेले तेव्हा चांदमलनं टेबलावर कागद मांडून ठेवले होते. नखाएवढे दहा चौकोन. सोनार वापरतात तसली एक भिंगाची पुंगळी डोळ्याला लावून गुरुजींनी एकेक पाहिला. पानं. अंगठा. परत अंगठा. आभाळ. कोणाच्यातरी धोतराचा सोगा. बकरी, तीही पाठमोरी. पुढचे तीन नुसते काळे.

“एक साफ आला,” चांदमल म्हणाला. “तो मी तुमाले मोठा करून ठेवला.”

त्यानं पोस्टकार्डाएवढा एक कागद पुढं केला. दाणेदार, राखेत काढल्यासारखा, पण दिसत होतं. हॉटेलची बल्ली दिसत होती. बल्लीवर भाऊसिंगचा मिशा विंचरायचा आरसा दिसत होता, तेलाच्या कंपनीनं दिलेला. फळी कुठंच नव्हती. आणि आरशात एक माणूस होता. खांबाआड अंग चोरून उभा, हनुवटी कॉलरमध्ये, एक डोळा मिटलेला, दुसऱ्या डोळ्याला काडेपेटी. एप्रिलच्या उन्हात कोट.

गुरुजी म्हणाले की मी तर फळीवर नेम धरला होता. चांदमलनं शांतपणे सांगितलं की या खेळण्याचं भोक एकीकडं पाहतं आणि काच दुसरीकडं. मग त्यानं फोटो पुन्हा हातात घेतला. गिऱ्हाईक हेच फोटोतलं माणूस आहे हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

“हा कोन हाय तो, गुरुजी, त्याच्यावर नजर ठेवा,” तो म्हणाला. “मले हा चोरावानी दिसते.”

गुरुजींनी फोटो पाकिटात घातला आणि आभार मानून बाहेर पडले. परतीच्या गाडीत त्यांना खिडकीजवळ जागा मिळाली. मालेगाव येईपर्यंत त्यांनी तो तीनदा काढून पाहिला. पहिल्यांदा राग आला, चांदमलचा, जपानचा, माणिकरावचा. दुसऱ्यांदा हसू आलं. तिसऱ्यांदा त्यांना वाटलं, हा माणूस आपल्याला चांगला माहीत आहे. सहा वर्षं तो असाच उभा आहे. कॅमेरा तर या वर्षी आला.

घरी गेल्यावर त्यांनी फोटो वच्छलापुढं ठेवला आणि पाटावर बसून राहिले. तिनं तो दिव्याजवळ नेला. आधी ओळखलं नाही. ओळखल्यावर ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की भिंतीला टेकावं लागलं. मग हसू ओसरलं आणि ती तशीच फोटो धरून बसली. खांबाआडच्या त्या माणसाला तिनं अंगठ्यानं एकदा पुसल्यासारखं केलं. एवढं मोठं कागदपत्र जेवणाच्या आधी काहून दाखवलं, एवढंच म्हणाली, आणि ताट वाढायला उठली.

सकाळी गुरुजी कोट न घालता फाट्यावर गेले. तिथं आधीच काही घडून गेलेलं होतं. फळी रिकामी होती. मास्तर फोटो घेऊन वाशीमला गेला, कचेरीच्या फाटकापाशी दिसला, ही बातमी आदल्या दुपारच्या गाडीच्या कंडक्टरनं आणून पोहोचवली होती. भाऊसिंगनं दाढी केली होती आणि बनियनवर सदरा चढवला होता. त्यानं गुरुजींना आत बोलावलं. सहा वर्षांत पहिल्यांदा गुरुजी त्या बाकड्यावर बसले. बाकडं डुगडुगत होतं; बाहेरून हे कधी कळलं नव्हतं.

भाऊसिंगनं चहा आणला. काचेच्या कोऱ्या करकरीत ग्लासात. मेडशीहून कालच आणवलेला असावा, बुडाला दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली होती. त्यानं तो गुरुजींसमोर ठेवला आणि सांगितलं की हा खास त्यांच्यासाठी घेतला, दुसऱ्या कोणाला यात देणार नाही. गुरुजींना तर चहा चालत नाही, पण आजच्या दिवस घ्यावा.

गुरुजींनी ग्लासाकडं पाहिलं. चांगला होता, फुलंबिलं काढलेली. हातही पुढं गेला त्यांचा, हे ते लपवत नसत. चिठ्ठीपाशी आला आणि थांबला. शेजारी उदयसिंग पाटील टोपल्यातल्या कपानं चहा पीत होते, त्यांच्या पलीकडचा गाडीवानही, आणि आठच्या गाडीसाठी थांबलेला एक अनोळखी माणूसही, ज्याची जात तिथं कोणालाच माहीत नव्हती.

इथं गप्प बसून चहा घेतला असता तर भाऊसिंगची भीती वर्षभर पुरली असती. पण गुरुजींनी खिशातून पाकीट काढलं आणि फोटो बाकड्यावर ठेवला.

“भाऊसिंग, कपाचा फोटो आला नाई,” ते म्हणाले. “माझाच आला. पाह्य.”

भाऊसिंगनं पाहिलं. पाटलांनी पाहिलं. फोटो हातोहात फिरला आणि हसू आधी दाबून, मग मोकळं फुटलं. गुरुजीही हसले. त्यांचे कान तापले होते. पुरावा गेला, भीती गेली, आता आपल्या हातात काही राहिलं नाही, हे त्यांना दिसत होतं. ते उठले, टोपल्यापाशी गेले, बाही वर केली आणि पाण्यातून एक कप काढला. झटकला. भाऊसिंगपुढं धरला.

“याच्यात दे,” ते म्हणाले. “आन् पित्त मले कधीच नव्हतं.”

हसू थांबलं. भाऊसिंग किटली घेऊन उभा राहिला. गुरुजींच्या हिशेबानं अर्धा तास. खरं म्हणजे गाडीनं हॉर्न देऊन कंडक्टर खाली उतरेपर्यंत. भाऊसिंगनं पाटलांकडं पाहिलं, पाटलांनी निंबाकडं. कंडक्टर घाईत आत आला, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. त्यानं टोपल्यातला कप उचलून गुरुजींच्या कपाशेजारी धरला आणि लवकर ओत म्हणाला. भाऊसिंगनं ओतलं. कंडक्टरच्या कपात नीट पडला. गुरुजींच्या कपात निम्मा पडला आणि निम्मा त्यांच्या बोटांवर. चटका जबर होता. त्यांनी कप सोडला नाही.

उदयसिंग पाटील आपला कप तसाच ठेवून उठून गेले. त्यांच्या मागं आणखी दोघं. ते महिनाभर आले नाहीत. मग एकेक करून परत आले, कारण चार कोसांत दुसरा चहा नव्हता. आले तेव्हा घरून आपापले पितळी पेले घेऊन आले आणि पुसून पुसून पिऊ लागले. भाऊसिंग या सगळ्यानं वैतागला. पहिले आठ दिवस तो गुरुजींशी बोलला नाही, नुसतं ओतायचा. गुरुजी निंबाखाली उभं राहण्याऐवजी बाकड्यावर बसून वर्तमानपत्र वाचू लागले. पहिल्या दिवशी त्यांचा आवाज इतका बारीक निघाला की गाडीवानानं मोठ्यानं वाचा म्हणून सांगितलं.

आपण फार मोठं काही केलं असं मात्र त्यांना वाटेना. बौद्धपुऱ्यातल्या मजुरांना त्यांनी उत्साहानं सांगितलं की आता टोपल्यातला कप घ्या. तिघांनी ऐकून घेतलं आणि कामावर गेले. त्यांना भाऊसिंगच्या भाऊबंदांच्या शेतात राबायचं होतं. मास्तराला पगार जिल्हा परिषद देत होती. हा फरक एक म्हातारा मजूर त्यांना अगदी सौम्यपणे समजावून गेला. त्या दिवशी गुरुजींनी अर्ज काढला, ‘सोबत’ पासून पुढचं खोडलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला मजुरांची नावं लिहायला घेतली. मग रोज सकाळी एकेकाला ते बरोबर नेऊ लागले. एकाचे दोन झाले, पावसाळ्यात पाच. एक जण मध्येच परत फिरला. त्याला ते कधी बोलले नाहीत. खांबाआड कसं उभं राहतात हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं?

पण हे सगळं नंतरचं. त्या पहिल्या सकाळी ते घरी आले तेव्हा बोटांवर फोड आले होते. वच्छलानं कोरफड कापून लावली. तिनं पहिलं काय विचारलं असेल, तर चहा कसा होता.

गुरुजींनी जरा विचार केला. सहा वर्षं त्या चहाचा वास घेऊन त्यांनी काय काय कल्पना केल्या होत्या.

“पानी,” ते म्हणाले. “साखर हाय का नाई, समजत नाई.”

वच्छलानं कोरफडीचं पान ठेवलं, हात पुसले आणि म्हणाली की असं असेल तर उद्या ती स्वतः येऊन भाऊसिंगला सांगते.